असईची लढाई वर्गात कशी उभी करावी

शाळेत 'इतिहास जिवंत करू या' असं कुणी म्हणालं की आठवडाभरात पुठ्ठ्याच्या तलवारी, चंदेरी कागद आणि ड्रेपरीवाल्याचं बिल हजर होतं. मुलं खूश, पालक मोबाइल उंचावून पुढच्या रांगेत. नंतर वर्गाला विचारा की ही लढाई झाली कशासाठी, तर सगळे एकमेकांकडे बघतात. गॅदरिंगला हे चालतं. इतिहासाच्या तासाला नाही चालत.

हा लेख मुंबईतल्या अशा शिक्षकांसाठी आहे ज्यांच्याकडे सातवी-आठवीची चाळीस-पंचेचाळीस मुलं आहेत, सकाळ-दुपार दोन्ही अधिवेशनं वापरतात असं एकच मैदान आहे आणि मुख्याध्यापकांनी कसेबसे दिलेले दोन जोडतास आहेत. विषय एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लढाया, म्हणजे साधारण १८०२ ते १८१८. माझा आग्रह एवढाच की लढाईऐवजी तिच्यातले निर्णय बसवा. त्या माणसाला त्या दिवशी जेवढं ठाऊक होतं तेवढंच मुलाच्या हातात द्या आणि विचारा, "आता काय करशील?" पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

पायरी पहिली: एकच दिवस निवडा

सगळं इंग्रज-मराठा युद्ध एका तासात कोंबू नका. नवख्या माणसाने २३ सप्टेंबर १८०३ घ्यावा, असईची लढाई. जागा आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनजवळ. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज, दुसऱ्या बाजूला कंपनीचा आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूमुळे जगभर गाजला.

असई निवडायचं खरं कारण वेगळं आहे. मराठे भाले घेऊन घोड्यावरून धावत होते आणि इंग्रजांकडे तोफा होत्या, असं चित्र मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. असईला ते उलटं होतं. शिंद्यांच्या बाजूला शंभराहून जास्त तोफा, वेलस्लीकडे वीसच्या आसपास. शिंद्यांचे कंपू, म्हणजे कवायती पायदळाच्या पलटणी, दहा हजारांच्या घरात आणि त्यांचा सेनापती पोलमन नावाचा जर्मन, जो एकेकाळी कंपनीच्याच फौजेत सार्जंट होता. शिवाय घोडदळ तीस-चाळीस हजारांच्या घरात. वेलस्लीची प्रत्यक्ष लढलेली फौज साडेचार हजारांच्या आसपास. हे आकडे फळ्यावर लिहा आणि निकाल सांगू नका. ज्या मुलाला निकाल माहीत असेल त्याला डोळ्यांनी गप्प करा.

पार्श्वभूमी पाच मिनिटांत उरका. १८०१ मध्ये पुण्यात विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिलं. त्याचा भाऊ यशवंतराव चालून आला आणि २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला त्याने पेशवे-शिंद्यांच्या फौजा मोडल्या. दुसरा बाजीराव कोकणात पळाला, तिथून वसईला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला इंग्रजांशी तह करून बसला. तो तह शिंदे-भोसल्यांना मान्य नव्हता. एवढं पुरे.

पायरी दुसरी: जमिनीवर नद्या काढा

बाकं भिंतीला लावा. निळ्या खडूने फरशीवर दोन रेघा ओढा. खालची, दक्षिणेकडची केळणा, वरची जुई. दोघी पूर्वेला एकमेकींना मिळतात, म्हणून रेघा दाराकडे जवळ येत जायला हव्यात. मधल्या पट्ट्यात शिंद्यांची फौज, तोंड दक्षिणेला, केळणेकडे. जुईच्या काठावर असई गाव, त्यासाठी दप्तरांचा ढीग चालतो. केळणेच्या दक्षिण काठावर पिंपळगाव आणि बरोबर समोर उत्तर काठावर वरूड, दोन डबे ठेवा. वेलस्ली दक्षिणेकडून येतो.

दिशा फळ्यावर लिहू नका, वर्गाची खरी उत्तर शोधून काढायला लावा. मुंबईच्या मुलाला पश्चिम म्हणजे समुद्र हे नक्की ठाऊक असतं, तिथून बाकीच्या दिशा लागतात. तुमच्या वर्गाचं दार पूर्वेला नसेल तर नकाशा फिरवा, पण उत्तर खरी ठेवा. पुढे वळण घेताना याचा उपयोग होतो.

पायरी तिसरी: चिठ्ठ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. प्रत्येक गटाला एक चिठ्ठी, आणि एका गटाची चिठ्ठी दुसऱ्याने वाचायची नाही. चिठ्ठीत फक्त तेच लिहायचं जे त्या माणसाला त्या सकाळी माहीत होतं. चुकीचं माहीत असेल तर चुकीचंच लिहायचं. नवे शिक्षक इथेच कचरतात. मुलांना खोटी माहिती कशी द्यायची? द्या. वेलस्लीला खरोखरच चुकीची खबर मिळाली होती.

त्याच्या चिठ्ठीत असं काहीसं यावं: "तुम्ही आत्ता मुक्कामाला पोचलात, फौज चालून दमली आहे. कर्नल स्टीव्हनसनची दुसरी फौज वेगळ्या वाटेने येते आहे, उद्या दोघांनी मिळून हल्ला करायचं ठरलं आहे. हरकाऱ्यांनी खबर आणली आहे की शत्रू फक्त काही मैलांवर आहे, त्याचं घोडदळ सकाळीच निघून गेलं, पायदळही निघायच्या बेतात आहे. आज हल्ला कराल, की उद्यापर्यंत थांबाल?" मुलं भांडतात. भांडू द्या. 'आज' ठरलं की त्या गटाला दुसरी चिठ्ठी द्या: "टेकाडावरून पाहिलंत. घोडदळ कुठेही गेलेलं नाही. सगळी फौज समोर आहे. वाटाडे म्हणतात, जवळपास नदीला उतार, म्हणजे पाण्यातून पलीकडे जाता येईल अशी जागा, नाही." त्या वेळी मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पोलमनच्या गटाची चिठ्ठी वेगळी. मागे आणि पुढे नदी, काठ उंच, तोफा रांगेत, बैल सोडलेले. त्याच्या हाताखालच्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणखी एक छोटी चिठ्ठी: गव्हर्नर-जनरलने जाहीरनामा काढला आहे की शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या इंग्रज प्रजाजनांना कंपनी पैसे देईल. पगार थकलेला असेल तर काय कराल? नवरात्राच्या वर्गणीवर तावातावाने बोलणारी मुलं या प्रश्नावर अचानक फार विचारी होतात.

सरदार-सेनापतींवर थांबू नका. बंजाऱ्यांच्या नायकाला चिठ्ठी द्या, कारण दोन्ही फौजांना धान्य पुरवणारे तेच, आणि रोख कोण देतो हे त्यांना बघावं लागे. असईच्या पाटलाला द्या: दोन फौजा दाराशी आहेत, पिकं उभी आहेत, गावाभोवती मातीची भिंत आहे. तोफेजवळच्या गोलंदाजाला द्या. आणि एक गट पेशव्यांच्या बाजूच्या मराठा घोडेस्वारांचा करा, जे वेलस्लीसोबत होते. त्यांत बापू गोखले होते, तेच बापू गोखले जे १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीला इंग्रजांशी लढताना पडले. हे कळल्यावर 'आपले' आणि 'त्यांचे' अशी सोपी वाटणी करायला आलेला वर्ग गोंधळतो. त्या गोंधळातून त्यांना घाईने बाहेर काढू नका.

इंग्रज व्हायला कुणी तयार नसतं, हे आधीच गृहीत धरा. चिठ्ठ्या टाकून वाटा आणि मधल्या सुट्टीनंतर बाजू बदला. मुलींना चुलीपाशी आणि मुलांना घोड्यावर असंही करू नका. शिंद्यांच्या फौजेतल्या चार-पाच पलटणी मेरठजवळच्या सरधन्याची कारभारीण बेगम समरू हिच्या होत्या. ती स्वतः रणात नव्हती, पण पलटणी तिच्या, आणि त्या बहुतांशी सामानावर पहाऱ्याला होत्या.

पायरी चौथी: बंदूक भरा

हातांनी करायची गोष्ट एकच ठेवा, पण नीट करा. लोहार चाळीत किंवा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात इलेक्ट्रिशियनचा २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मिळतो. मीटरभराचे तुकडे कापून घ्या, कारण कंपनीच्या शिपायाच्या चकमकी बंदुकीची नळी साधारण तेवढीच लांब होती. एका टोकाला एंड कॅप. गोळीच्या जागी काचेची गोटी, खऱ्या शिशाच्या गोळीपेक्षा थोडीशीच लहान. दारूच्या जागी चमचाभर रवा. जुन्या वर्तमानपत्राची पट्टी स्केचपेनवर गुंडाळून सुरळी करा, आत गोटी आणि रवा, वरून पीळ. झाली काडतूस. ठासायला बोथट टोकाची लाकडी दांडी. बांबूच्या टोकदार कामट्या नकोत, डोळ्याला लागतात.

आता क्रम: काडतूस काढा, टोक दातांनी फाडा, चिमूटभर रवा 'काना'त (पाइपच्या कडेला चिकटवलेल्या बाटलीच्या झाकणात) टाका, बंदूक उभी करा, उरलेला रवा नळीत, मग गोटी आणि कागद, दांडीने ठासा, दांडी जागेवर, खांद्याला लावा. कवायत शिकलेला शिपाई मिनिटाला साधारण तीन वेळा बार काढी. म्हणजे एका बाराला वीस सेकंद.

स्टॉपवॉच लावा. पहिल्या फेरीत निम्म्यांचं काडतूस फाटतानाच सांडतं. एखादा गोटी आधी टाकतो आणि रवा वर. एखादी दांडी नळीतच विसरते आणि 'फायर' ओरडते. खऱ्या लढाईतही घाबरलेले शिपाई हेच करत. एकदा आमच्या वर्गातला सगळ्यात चपळ मुलगा तिसऱ्याच काडतुसाला थांबला, तोंडातला रवा थुंकला आणि म्हणाला, "बाई, पाणी." मी दिलं नाही, लगेच तरी. खऱ्या दारूत सोरा असतो, तोंड खारट आणि कोरडं पडतं, लढाईभर शिपाई तहानेने व्याकूळ असत, एवढं सांगितलं आणि मग बाटली दिली. तोपर्यंत सगळा वर्ग ओठ चाटत होता.

आता हिशेब सांगा. अशा बंदुकीचा नेम शंभर पावलांपलीकडे भरवशाचा नसे. चौखूर घोडा ते अंतर पंधरा सेकंदांच्या आत कापतो. मग भरायला वीस सेकंद लागणारा शिपाई घोडेस्वार येईपर्यंत किती बार काढेल? उत्तर मुलंच देतात. एकट्याने बंदूक चालवून निभाव लागत नाही, रांग लागते, आणि ती रांग विरार लोकलच्या दारातल्यासारखी खांद्याला खांदा लावून उभी राहावी लागते, हे इथे न शिकवता कळतं.

वजनासाठी दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या आणि अर्ध्या लिटरची एक, भरून, कापडी पिशवीत. साडेचार किलो, जवळपास बंदुकीएवढं. खेळ चालू असेपर्यंत ती पिशवी ज्याच्या-त्याच्या गळ्यात आळीपाळीने.

पायरी पाचवी: उतार शोधा, मग वळा

वेलस्लीच्या गटाला दहा मिनिटं द्या. वाटाडे उतार नाही म्हणतात, पुलाचा प्रश्नच नाही. फरशीवरचे ते दोन डबे त्यांच्या नाकासमोर असतात, तुम्ही काहीही बोलू नका. बहुतेक वेळा कुणीतरी, बरेचदा मागे बसणारी एखादी मुलगी, विचारते, "ही दोन गावं समोरासमोर का आहेत? लोक पलीकडे जातच नसतील?" वेलस्लीनेही नेमका हाच तर्क केला. इंजिनिअर कॅप्टन जॉन्सनला पाठवून खात्री करून घेतली, उतार सापडला आणि फौज तिथून उतरली. मुलांनी तर्क केला नाही तर सांगून टाका, ओढून काढू नका.

दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात तो का शिरला, हे पुन्हा फरशीवर दाखवा. उजवीकडे नदी, डावीकडे नदी, त्यामुळे मराठ्यांच्या प्रचंड घोडदळाला बाजूने घेरायला जागाच नाही.

मग पोलमनची पाळी, आणि मला विचाराल तर या खेळातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. शत्रू दक्षिणेकडून येणार म्हणून तोंड दक्षिणेला होतं, तो आता पूर्वेकडून येतोय. बारा मुलं खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभी करा. हुकूम: रांग न मोडता पूर्वेकडे वळा. पूर्वेकडचं, नदीच्या टोकाचं मूल जागच्या जागी पाय आपटणार, दुसऱ्या टोकाचं सगळ्यात लांब फेरा घेणार. पहिल्यांदा रांग तुटते, मधली मुलं पुढे फुगतात, टोकाची धावतात आणि शेजाऱ्यावर आदळतात. पीटीच्या सरांना बोलवा, त्यांना हे मनापासून आवडतं. चार-पाचदा केल्यावर कशीबशी जमते. मग सांगा: शिंद्यांच्या पलटणींनी हे तोफांसकट केलं, शत्रू समोर नदी उतरत असताना केलं, आणि नवी फळी केळणेपासून थेट असईपर्यंत उभी केली. वेलस्लीला ते जमेल असं वाटलं नव्हतं. मराठी फौज म्हणजे नुसती धावपळ, असं मानणाऱ्या वर्गाला हे बारा जणांचं वळण पुरेसं आहे.

पुढची लढाई तोंडी सांगा, पाच मिनिटांत. तोफांनी वेलस्लीचे बैल आणि माणसं झोडपली. उजवीकडच्या तुकड्या चुकून असईच्या अंगावर गेल्या आणि जवळपास कापल्या गेल्या. डावीकडून स्कॉटिश पलटण संगिनी लावून तोफांवर आली. मेल्याचं सोंग घेऊन पडलेल्या गोलंदाजांनी उठून तोफा मागे फिरवल्या. घोडदळाच्या हल्ल्यात इंग्रज घोडदळाचा प्रमुख मॅक्सवेल मारला गेला. वेलस्लीचे दोन घोडे गेले. संध्याकाळी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती होत्या आणि त्यांची १,६०० च्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली होती, म्हणजे दर तिघांत एक.

मरण्याचा अभिनय करू देऊ नका. हसू येतं आणि एकदा हसू आलं की तास गेला. त्याऐवजी वर्ग उभा करा, एक-दोन-तीन म्हणत मोजा, 'तीन' आलेल्यांनी खाली बसायचं. मराठ्यांचे किती पडले याचे आकडे इंग्रजांच्या अंदाजाचे आहेत, हेही इथेच सांगा. आठवीतल्या मुलाला तेवढा संशय पेलतो.

धान्याचं गणित

जोडतासात वेळ उरला, किंवा गणिताच्या बाई तयार झाल्या, तर हे करा. सात हजार माणसं, माणशी रोज किलोभर धान्य, बैलावर शंभर किलो. दहा दिवसांना बैल किती? सातशे. आता त्या सातशे बैलांची वैरण, घोड्यांचे हरभरे, आणि शिपायांच्या दुप्पट-तिप्पट असलेले बाजारबुणगे मिळवा. मराठ्यांची मोहीम दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायची, हे मुलांना माहीत असतं. वेलस्लीने मात्र भर पावसात, ऑगस्टमध्येच अहमदनगर घेतलं, कारण नद्या भरलेल्या असताना मराठी घोडदळ सहज फिरू शकणार नाही असा त्याचा हिशेब होता. त्याच्याकडे म्हैसूरचे अमृतमहाल बैल होते, ते इतर बैलांपेक्षा वेगाने चालत. कंटाळवाणा वाटणारा हा भाग सांगताना वर्ग आश्चर्यकारक शांत असतो.

काही गोष्टी टाळा

खऱ्यासारखी दिसणारी खेळण्यातली बंदूक शाळेत नको, लोकलच्या डब्यात तर मुळीच नको. पाइप शाळेतच ठेवा. फटाके नकोत. पूर्ण पोशाख भाड्याने आणू नका, पागोट्याला आणि कमरेला दोन रंगांच्या कापडी पट्ट्या पुरतात. रव्याला मुंग्या लागतात, तास संपताच झाडून घ्या, नाहीतर पुढच्या वर्गाच्या बाई तुम्हाला पुन्हा खोली देणार नाहीत.

'मराठे हरतात ते मुलांना का दाखवता?' असं पालक विचारतील. त्यांना तासाला बसवा आणि त्यांच्या हातात पोलमनची चिठ्ठी द्या.

१ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई खेळ म्हणून बसवू नका, असं माझं ठाम मत आहे. कंपनीच्या मुंबई पलटणीत महार शिपाई होते, स्तंभावर त्यांची नावं आहेत, आणि १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी तिथे भेट दिली. त्या स्तंभाशी आजच्या लोकांचा मान जोडलेला आहे. वर्गात कुणाला कुठली बाजू मिळाली यावरून घरी वेगळ्याच गप्पा होतील. तो दिवस वाचून, बोलून शिकवा.

पुढची पायरी: वर्गाबाहेर

फोर्टात एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा आणि जॉन माल्कमचा पुतळा आहे. परवानगी आधी घ्या. एल्फिन्स्टन असईला वेलस्लीच्या बाजूने घोड्यावर होता, वय तेवीस. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, तोच, आणि १८१९ पासून मुंबईचा गव्हर्नरही तोच. माल्कमपुढे १८१८ च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव शरण आला, वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर. खेळात जी मुलं वेलस्लीच्या गटात असतील त्यांनाच पुतळ्यांपाशी बोलायला लावा.

दुसरी सहल वसईच्या किल्ल्याची. पश्चिम रेल्वेने वसई रोड, तिथून बस किंवा रिक्षा. १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, आणि त्याच्याच भावाच्या नातवाने वसईलाच कंपनीशी तह केला. तहाची कलमं आधीच चिठ्ठ्यांवर लिहून न्या: सहा हजारांहून कमी नाही एवढी कंपनीची फौज कायमची ठेवायची, तिच्या खर्चाला वर्षाला सव्वीस लाखांचा मुलूख द्यायचा, इंग्रजांच्या शत्रूराष्ट्रांतले युरोपियन नोकरीत ठेवायचे नाहीत. एक गट बाजीराव, एक त्या वेळचा पुण्याचा रेसिडेंट कर्नल क्लोज. बाजीरावाच्या गटाला सांगा की पुण्यात यशवंतराव आहे आणि त्याने बाजीरावाचा दत्तक भाऊ अमृतराव याला कारभारावर बसवलं आहे. मग एकेक कलम वाचा आणि प्रत्येकाला 'मान्य' की 'अमान्य' विचारा. सावलीची भिंत आधीच हेरून ठेवा, आणि पाणी माणशी एक लिटर तरी न्या.